म्हापशातल्या लॅबचं ‘हार्ट पॅकेज’: सुई चांगली, काटा फसवा

गोव्यात म्हापशाच्या एका खासगी लॅबचं हृदयासाठीच्या रक्तचाचण्यांचं हे पॅकेज बार्देश-पेडणे तालुक्यांत घरपोच मिळतं. त्यात लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातली चरबी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एचएस-सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण), लायपोप्रोटीन(ए) (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण), अपोबी (वाईट कोलेस्टेरॉलच्या कणांवरचं प्रथिन), होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) आणि वर ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन). रक्त काढणारे कसलेले आहेत. आधी पाच मिनिटं बसवतात, दंडाची पट्टी मिनिटाच्या आत सोडतात (जास्त वेळ आवळली तर कोलेस्टेरॉल उगाच वाढलेलं दिसतं), जांभळ्या टोपणाची नळी हलक्या हाताने उलटसुलट करतात. तक्रारीला जागा नाही.

घोळ आहे तो रिपोर्टच्या पहिल्या पानावर. तिथला हिरवा-पिवळा-लाल काटा म्हणे ‘ब्लॉकेजची तीव्रता’ दाखवतो. रक्तावरून ती कळत नाही. हे आकडे पुढच्या काही वर्षांतल्या धोक्याचा अंदाज देतात. कुठली धमनी किती अरुंद झाली आहे ते अँजिओग्राफीत दिसतं आणि त्यावरून सिंटॅक्स स्कोअर (अडथळे किती गुंतागुंतीचे आहेत त्याचा आकडा) काढतात: २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम, ३३ पासून पुढे गुंतागुंतीचा. सीआरपी जास्त असलेल्या गटात आजार सरासरीने जास्त पसरलेला आढळतो, हे खरं. पण समोरच्या माणसाच्या तीन धमन्या तुंबल्यात की एकही नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. उलट स्टेंट बसवलेल्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) चालू असलेल्या रुग्णाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६० येतं आणि काटा त्याला खुशाल हिरव्यात बसवतो.

पैसे वसूल होतात लायपोप्रोटीन(ए)मध्ये. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, उपाशी राहावं लागत नाही, बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर गेलं तर जास्त. एकक नक्की बघा, कारण एकातून दुसऱ्यात साध्या गुणाकाराने जाता येत नाही. घरात कोणाला चाळिशी-पन्नाशीत झटका आला असेल तर ही चाचणी कराच.

एलडीएल इथे थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे सूत्र चालत नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पोटात असताना रक्त देऊ नये ते म्हणूनच. अशा वेळी अपोबी पाहा, किंवा एकूणमधून एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल काढा. त्याला वेगळा पैसा पडत नाही.

एचएस-सीआरपी १ च्या खाली असेल तर धोका कमी, ३ च्या वर असेल तर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी पावसाळ्यातला ताप, दाढेचं दुखणं, सुजलेला गुडघा शोधा आणि बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

होमोसिस्टीन सोडून द्या. नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या कराव्या लागतात. पेडण्याहून निघालेली नळी घरोघर फिरत म्हापशाला पोचेपर्यंत तांबड्या पेशींतून ते झिरपत राहतं, ताशी साधारण दहा टक्के. शिवाय फॉलिक ॲसिड आणि बी-१२ने आकडा उतरला तरी हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

ट्रोपोनिन तर इथे असायलाच नको. ते छातीत दुखत असताना, रुग्णालयात, काही तासांच्या अंतराने दोनदा पाहायचं असतं. घरी नमुना देऊन संध्याकाळच्या रिपोर्टची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. स्टेमी गोवा या हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या व्यवस्थेत ईसीजी गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) हृदयतज्ज्ञांकडे पाठवतात.

रक्त काढण्याला पाचपैकी साडेचार, रिपोर्टला दोन. काउंटरवर मागितल्यास लिपिड, एचबीए१सी आणि लायपोप्रोटीन(ए) सुट्या करून देतात. शेवटची बाहेरच्या लॅबला जाते, त्यामुळे निकालाला दोन-तीन दिवस लागतात. त्या लॅबचं नाव रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह त्या चाचणीलाही लागू आहे का, ते तिथेच विचारून घ्या.