अँकी आणि 'लावणे'ची चौदा कार्डे

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले. हा विषय राज्यात पहिलीपासून शिकवला जाऊ लागला तो 2000 साली, तोवर आमची पिढी शाळेबाहेर पडली होती. पुढे हिशेब विभागात नोकरी करताना इंग्रजी पत्रे वाचण्यात किंवा ठरावीक साच्यातली उत्तरे लिहिण्यात मला कधी अडचण आली नाही. मात्र बेंगळुरूच्या शाखेतून फोन आला आणि 'बैठक पुढे ढकलू या' एवढेच सांगायचे असले, तरी योग्य शब्द सापडेपर्यंत संभाषण पुढच्या मुद्द्यावर गेलेले असे. दिसल्यावर ओळखू येणारे शब्द माझ्याकडे पुष्कळ होते. हवे तेव्हा तोंडात येणारे फार थोडे. ही उणीव भरून काढण्यासाठी गेले दीड वर्ष मी अँकी हे सॉफ्टवेअर रोज वापरत आहे आणि त्याविषयी येथे लिहीत आहे.

अँकी या जपानी शब्दाचा अर्थ पाठांतर असा आहे. डेमियन एल्म्स यांनी 2006 साली हे सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. त्याची मूळ कल्पना अगदी साधी आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न असतो व मागच्या बाजूला उत्तर. आपण मनात उत्तर देतो, कार्ड उलटतो आणि किती सहज आठवले त्यानुसार 'अगेन', 'हार्ड', 'गुड' व 'ईझी' या चार बटणांपैकी एक दाबतो. आठवलेले कार्ड उद्या, मग काही दिवसांनी, मग महिन्याने अशा वाढत्या अंतराने समोर येते, तर विसरलेले कार्ड काही मिनिटांतच परत येते. शिकलेली गोष्ट आपण किती वेगाने विसरतो याची मोजणी हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885 साली प्रसिद्ध केली होती. त्या विसरण्याच्या नेमके आधी उजळणी घडवून आणण्याचे गणित पिओत्र वोझ्निआक यांनी 1987 मध्ये संगणकासाठी तयार केले आणि अँकी वर्षानुवर्षे त्याच्याच सुधारित रूपावर चालत आले. 2023 पासून त्यात एक नवे गणितही निवडता येते, जे आपल्या स्वतःच्या उत्तरांच्या नोंदी पाहून अंतरे ठरवते. मी तेच वापरते.

सुरुवातीला मी एक चूक केली आणि ती बहुतेक नवे वापरकर्ते करत असावेत. इतरांनी तयार केलेले कार्डांचे संच अँकीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात, म्हणून मी परदेशी प्रवेशपरीक्षांसाठी केलेला कठीण शब्दांचा एक भलामोठा संच घेतला. महिनाभराने मला 'अल्पजीवी' आणि 'संदिग्ध' यांचे भारदस्त इंग्रजी प्रतिशब्द येत होते, पण दूध उतू गेले हे कसे सांगावे ते येत नव्हते. रोजच्या बोलण्याला लागणारे शब्द संख्येने फार नसतात. मायकेल वेस्ट यांनी 1953 साली सुमारे 2000 अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. इंग्रजी शिकवण्याचा त्यांचा बराचसा अनुभव अविभाजित बंगालमध्ये, ढाक्यात मिळवलेला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्याच धर्तीवर 2013 मध्ये सुमारे 2800 शब्दांची नवी यादी करण्यात आली आणि तिच्यावर बेतलेले संचही उतरवता येतात. मी ती यादी केवळ चाळली. तीतील जवळपास प्रत्येक शब्द माझ्या ओळखीचा निघाला, आणि तेव्हा लक्षात आले की माझे अडते ते शब्दाच्या अर्थापाशी अडत नाही. त्या शब्दाच्या शेजारी कोणता शब्द बसतो, तेथे अडते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे आपले 'लावणे' हे क्रियापद. आपण दार लावतो, टीव्ही लावतो, गजर लावतो, कुकर लावतो, झाड लावतो, तेल लावतो, फोन लावतो, पैज लावतो आणि आगही लावतो. इंग्रजीत मात्र दारासाठी 'शट', टीव्हीसाठी 'टर्न ऑन', गजरासाठी 'सेट', झाडासाठी 'प्लांट', फोनासाठी 'कॉल' आणि पैजेसाठी 'मेक' असे प्रत्येक ठिकाणी वेगळे क्रियापद येते. शब्दकोशात 'लावणे' पाहून मिळणारा पहिला प्रतिशब्द सगळीकडे वापरला, तर अर्धी वाक्ये हास्यास्पद होतात. उलट बाजूने 'बंद करणे' घ्यावे: आपण दार आणि दिवा एकाच क्रियापदाने बंद करतो, त्यामुळे 'क्लोज द लाईट' हे चुकीचे वाक्य आपल्या तोंडून अगदी नैसर्गिकपणे निघते. परीक्षा 'देणे', औषध 'खाणे' आणि पुण्यात 'राहणे' यांचीही हीच कथा आहे. म्हणून मी तयार संच पुसून टाकला आणि स्वतःची कार्डे करण्यास सुरुवात केली. एकट्या 'लावणे'ची चौदा झाली.

या कार्डांच्या पुढच्या बाजूला मी सुटा शब्द लिहीत नाही. एक प्रसंग मराठीत लिहिते, उदाहरणार्थ 'उद्या पाचला उठायचे आहे, गजर लाव', आणि मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. अँकीमध्ये गाळलेल्या जागेचे कार्ड करण्याची सोय आहे, तिचाही शब्दांच्या जोड्यांसाठी फार उपयोग होतो. त्याशिवाय मोबाइलमधील आवाजाकडून मागचे वाक्य वाचून घेता येते. त्यासाठी कार्डाच्या साच्यात एक ओळ घालावी लागते, आणि ती कशी घालावी हे समजण्यात माझा एक रविवार गेला. देवनागरी आणि रोमन एकाच कार्डावर व्यवस्थित दिसतात.

मला सर्वाधिक उपयोगी पडलेली सोय मात्र वेगळीच आहे. एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की अँकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारून बाजूला काढते. माझ्या पहिल्या जळवा 'लेंड' आणि 'बॉरो' या होत्या. आपण उसने देतो आणि उसने घेतो. 'उसने' तेच राहते आणि दिशा क्रियापद दाखवते, तर इंग्रजीत ही दोन कामे दोन निराळ्या शब्दांनी होतात, आणि दोन्ही शब्दांपुढे मी फक्त मराठी अर्थ लिहिल्यामुळे एक आठवला की दुसरा पुसला जाई. ती दोन्ही कार्डे रद्द करून मी शेजारणीकडे छत्री मागण्याचा एकच प्रसंग लिहिला आणि 'कॅन आय बॉरो युअर अम्ब्रेला' हे वाक्य मागे ठेवले. त्यानंतर हा गोंधळ झाला नाही. कार्ड वारंवार विसरले जात असेल तर दोष बहुधा ते लिहिण्यात असतो, आणि हे दाखवून देणारी व्यवस्था वहीत नसते.

आता अडचणींविषयी. अँकीचे रूप अत्यंत रुक्ष आहे. बक्षिसे, पदके किंवा उत्साह वाढवणारी चित्रे येथे नाहीत, आणि सेटिंगच्या पानावर इतके पर्याय आहेत की पहिल्या दिवशीच माणूस माघार घेईल. मार्गदर्शिका सविस्तर आहे, पण ती इंग्रजीत आहे. ज्याला इंग्रजी शिकायचे आहे त्याने आधी इंग्रजीतील पंचवीस तांत्रिक शब्द ओलांडावेत ही अपेक्षा विचित्रच म्हटली पाहिजे. घरातील कोणीतरी पहिली दहा कार्डे शेजारी बसून करून दिली, तर हा अडथळा दूर होतो.

दुसरी गोष्ट उजळणीच्या ओझ्याची. मुळात दिवसाला वीस नवी कार्डे अशी मर्यादा ठेवलेली असते आणि ती निरुपद्रवी वाटते, परंतु मार्गदर्शिकेतच सांगितले आहे की सातत्याने वीस नवी कार्डे घेतल्यास रोजची उजळणी साधारण 200 कार्डांपर्यंत जाते. नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून हे शक्य नाही. मी ती मर्यादा सहावर आणली, त्यामुळे सकाळच्या लोकलमध्ये पंधरा मिनिटांत काम संपते. मध्ये खंड पडला तर साठलेली कार्डे वाट पाहत उभी असतात. गणपतीत नऊ दिवस अँकी उघडले नाही आणि दहाव्या दिवशीचा आकडा पाहून ते आणखी दोन दिवस उघडले नाही, हा दोष सर्वस्वी माझा. बटणांच्या बाबतीतही एक सूचना करावीशी वाटते: उत्तर आठवले नसेल तर संकोच न करता 'अगेन' दाबावे. मन राखण्यासाठी 'हार्ड' दाबले, तर सॉफ्टवेअर ते आठवले असेच समजते आणि पुढची सगळी अंतरे चुकत जातात.

संगणकावर अँकी विनामूल्य आहे. अँड्रॉइड फोनवर स्वयंसेवकांनी स्वतंत्रपणे तयार केलेले अँकीड्रॉइड तितकेच विनामूल्य व जाहिरातमुक्त आहे, आणि एक खाते उघडले की दोन्हीकडची कार्डे जुळवून घेता येतात. आयफोनवर मात्र अमेरिकेत 24.99 डॉलर इतकी एकरकमी किंमत पडते; अँकीच्या विकासाचा खर्च त्यातून निघतो, हे खरे असले तरी नुसते करून पाहण्यासाठी ही रक्कम जड आहे, तेव्हा आयफोनधारकांनी आधी संगणकावर किंवा ब्राउझरमधून काही आठवडे वापरून मगच ठरवावे. अँकीशी मिळतेजुळते नाव घेतलेली इतर ॲपही दुकानात दिसतात. उतरवताना नाव नीट वाचावे. ज्यांना मोबाइल नकोच असेल, त्यांच्यासाठी सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात सुचवलेली कागदी पद्धत आहे: मिठाईच्या खोक्यात पाच कप्पे करावेत, आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात सरकवावे आणि विसरलेले पहिल्यात परत आणावे. माझ्या सासूबाई हीच पद्धत वापरतात आणि कार्डे शिधापत्रिकेच्या जुन्या पाकिटात ठेवतात.

अँकी बोलायला शिकवत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ते उच्चार तपासत नाही आणि समोरचा माणूस मध्येच काय विचारील याची तयारी करून घेत नाही. ती सवय माणसांशी बोलूनच होते. माझ्यापुरता फरक एवढा पडला आहे की बेंगळुरूच्या फोनवर 'शॅल वी पुट इट ऑफ' हे वाक्य आता शोधावे लागत नाही. 'लावणे'ची तेरा कार्डे कधीच पक्की होऊन महिन्याच्या अंतरावर गेली आहेत. चौदावे 'लळा लावणे'चे आहे. त्याची मागची बाजू मी चार वेळा लिहून पुसली आणि सध्या ती कोरी आहे.