सी-व्हिजिल ॲप: फ्लेक्स उतरवायला भारी, भाषणाला जेमतेम

निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप 2018 पासून आहे. आचारसंहितेचा भंग दिसला की जागेवरच फोटो नाहीतर व्हिडिओ काढून पाठवायचा आणि 100 मिनिटांत त्याचा निकाल, असं गणित. मी ते बघितलं एकाच कामासाठी, प्रचारसभेत एखादा नेता माईकवरून मुसलमानांबद्दल गरळ ओकत असेल तर साध्या माणसाला तक्रार करायला हे कितपत उपयोगी पडतं. पाचपैकी अडीच.

चांगलं आधी सांगतो. तक्रारीच्या यादीत धार्मिक तेढीच्या भाषणाचा वेगळा पर्याय आहे. नाव न देता तक्रार करता येते, आणि ही मोठी गोष्ट आहे राव, कारण छोट्या गावात मोबाईल धरून कोण उभं होतं हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त निनावी टाकलीत तर पुढे काय झालं ते कळत नाही, त्यासाठी नंबर आणि ओटीपी लागतो.

आता दुखणं. गॅलरीतला व्हिडिओ चालत नाही, ॲपमधूनच शूट करायचं, लोकेशन चालू ठेवायचं, 2 मिनिटांच्या वर व्हिडिओ नाही आणि काढल्यावर 5 मिनिटांत पाठवायचा. जुन्या क्लिपा कोणी खपवू नयेत म्हणून केलंय ते मान्य, पण असली भाषणं आपल्यापर्यंत येतात व्हॉट्सॲपवर दुसऱ्या दिवशी, मग काय उपयोग? प्रत्यक्ष सभेत बसलात तरी अर्धा तास रस्ते आणि पाणी चालतं आणि मधेच "यांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही" येतं, तेव्हा फोन खिशात असतो.

आणि मुळात तक्रार गेल्यावर आयोगाचं भरारी पथक जागेवर येऊन भाषणाचं करणार काय? फ्लेक्स असेल तर उतरवतील, बोललेलं कसं उतरवणार. 2024 च्या लोकसभेला मार्चअखेरपर्यंत 79,000 च्या वर तक्रारी आल्या त्यातल्या 73 टक्के बेकायदा होर्डिंग-बॅनरच्या होत्या, त्यामुळे "सुमारे 89 टक्के 100 मिनिटांत निकाली" हा आकडा बघून हुरळू नका. बड्या नेत्याच्या भाषणाचा निर्णय वरूनच होतो. एप्रिल 2019 मध्ये योगी आदित्यनाथांना "त्यांचा अली तर आमचा बजरंगबली" अशा अर्थाच्या भाषणावरून आयोगाने 72 तास प्रचारबंदी केली, ती पण सुप्रीम कोर्टाने आयोगाला जाब विचारला त्याच दिवशी.

म्हणून ॲपवर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोलिसांत वेगळा द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आणि निवडणूक असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 125, दोन्ही लिहा (दोन्ही धर्मावरून तेढ पसरवण्याबद्दलची). अर्जात "द्वेषपूर्ण भाषण केले" एवढंच लिहिलं तर कोणी ढुंकून बघत नाही. कितव्या मिनिटाला नेमके कोणते शब्द, कुठे, किती वाजता, ते उतरवून काढायचं. मूळ फाईल ज्या फोनवर आहे तो जपा, व्हॉट्सॲपवरून फिरलेली कॉपी दाबली गेलेली असते, आणि कोर्टात डिजिटल पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं.

आमच्याकडे एका पोलीस स्टेशनात "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून अर्ज परत हातात दिला होता. असं झालं तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173(4)), तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट. एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की अशा भाषणांवर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा, ते अर्जात आवर्जून लिहा.

आचारसंहिता उठली की ॲप झोपतं. मग एरवीच्या मोर्च्यातल्या, जाहीर सभेतल्या भाषणांना थेट पोलिसच. तिथे कोणी "आधी सरकारची मंजुरी आणा" म्हणालं तर ऐकून घेऊ नका, 196 साठी मंजुरी लागते ती कोर्टाने दखल घेताना, एफआयआरला नाही.