दाजींच्या होडीचं सागवान: सोळा महिन्यांनंतर

आधीच सांगतो, मी होडीवाला नव्हे. बेळगावजवळच्या खानापुरात आमचं दारं-खिडक्या करायचं दुकान आहे. बहीण मालवणला दिली. दाजींची पर्यटकांना फिरवायची फायबरची होडी आहे, आणि तिच्यावर जेवढं म्हणून लाकूड आहे ते माझ्या गळ्यात आलं: हॅचचं (खालच्या कप्प्याच्या तोंडाचं) झाकण, कठड्यावरची पट्टी, चढायची पायरी आणि सुकाण्यामागची बैठक. गेल्या वर्षी जुलैत काम केलं. यंदा दिवाळीला गेलो तेव्हा एकेक सांधा नखानं कुरतडून पाहिला, त्यावरून हे लिहितोय.

लाकडापासून सुरू करतो. आपल्याकडं सागवान म्हटलं की दांडेली. पण सरकारी डेपोत लिलाव होतो तो लॉटचा, आणि मला हवं होतं जेमतेम दोन घनफूट. म्हणून बेळगावच्या वखारी फिरलो. तिथं आता बरंचसं आफ्रिकेतलं किंवा लागवडीचं लाकूड. दिसायला छान, पण टोकाकडून बघितलं की वर्षाची वळी बोटभर रुंद, आणि निम्म्या फळीला कडेचा पांढरा भाग. तो पांढरा पाण्याच्या कामाला घेऊच नका. टिकतो तो गाभा. पांढरा कुठल्याही साध्या लाकडासारखा कुजतो. शिवाय एका ठिकाणी ‘पूर्ण वाळलेली’ म्हणून दिलेल्या फळीला मीटर लावला तर १९ टक्के ओल. मला १२च्या आसपास हवी होती.

शेवटी बेळगावातल्याच शहापुरातलं एक जुनं घर पाडत होते, तिथली तुळई मिळाली. वळी इतकी बारीक की मोजताना डोळे दुखावेत, आणि रंधा फिरवला की जुन्या चामड्यासारखा तो वास. नऊ खिळे मी काढले, दहावा रंध्याच्या पात्यानं शोधला. तसंही सागात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खातेच. करवतीला कार्बाइडचं पातं लावा. बिल मात्र जपून ठेवा. सागवान वाहायला वनखात्याचा पास लागतो. मी लाकूड तसंच नेलं नाही, तयार झाकण आणि पट्ट्या नेल्या, तरी शिनोळीला राज्याची हद्द ओलांडून आंबोली उतरेपर्यंत बिल खिशातच होतं.

आता चिकटवणं. सागाचं जे तेल त्याला पाण्यात तगवतं, तेच गोंदाला धरू देत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमली हे मलबारी सागाचं जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय, पण त्याची भिस्त गोंदावर नव्हती. आपल्याला बारीक पट्ट्या जोडायच्या, म्हणजे दोन भागांचं इपॉक्सी (राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर मिसळून होणारा गोंद) आलं. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, संथ घ्या.

पद्धत अशी. सांध्याच्या दोन्ही बाजू त्याच दिवशी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासल्या. पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसलं. फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहिलो (चार फडकी गेली). अ‍ॅसिटोन उडाला की लगेच गोंद, कारण आतलं तेल पुन्हा वर येतं. आधी पातळ इपॉक्सीचा हात लाकडाला पाजला, मग त्यातच चाळलेला बारीक भुसा घालून श्रीखंडाइतकं दाट केलं आणि ते भरलं. दोन भाग वजनावर मोजले, त्यासाठी स्वयंपाकघरातला काटा पळवला. तो अजून परत गेलेला नाही.

काम सुरू करण्याआधी टाकाऊ तुकडे चिकटवून जुन्या पातेल्यात तीन तास उकळले. इपॉक्सीचा तुकडा पटाशीनं फोडला तर लाकूड फाटलं, सांधा नाही. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या पांढऱ्या गोंदाचा तुकडा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटला. पण तोवर आमच्या मेस्त्रींनी पायरी त्याच गोंदानं लावून टाकली होती. ‘वीस वर्षं दारं टिकली, पायरीला काय हुतंय?’ ऑक्टोबरात दाजींचा फोन: ‘अरे, तुझी पायरी हातात इली रे!’

सगळ्यात मोठी अडचण मात्र ना लाकडाची ना गोंदाची, महिन्याची होती. होड्या वर ओढतात त्या पावसाळ्यात, म्हणजे दुरुस्ती नेमकी तेव्हाच, आणि जुलैत खानापुरात भिंतींनासुद्धा घाम येतो. वाळलेलं लाकूडही चार दिवसांत ओल पितं. मी प्लायचं खोकं करून त्यात दोन जुने १०० वॅटचे बल्ब लावले आणि लाकूड त्यात ठेवलं. तरी एक चूक झालीच. दमट हवेत इपॉक्सी घट्ट होताना वर मेणचट साय धरते. ती न धुता मी झाकणावर वार्निश मारलं, आणि पंधरवड्यात त्याचे पापुद्रे निघाले. कोमट पाणी आणि घासणीनं ती साय निघते. आधी घासपेपर मारला तर ती पसरते.

सोळा महिन्यांचा हिशेब: झाकणाचे चारही कोपरे दगडासारखे. कठड्याच्या पट्टीचा एक तिरपा जोड एप्रिलात उघडला. फर्निचरच्या सवयीनं शिकंजे करकचून आवळले होते आणि सगळा गोंद बाहेर पिळून निघाला. उघडलेल्या जागी लाकूड कोरडं तपकिरी दिसत होतं. मेमध्ये हलक्या दाबानं पुन्हा जोडला, तो आहे. बैठकीच्या दोन पट्ट्या सुटल्या त्या वेगळ्याच कारणानं. तिथं गोंदाचा थर काचेसारखा चकचकीत, लाकडाचा एक तंतू त्याला चिकटलेला नाही. म्हणजे तेल निघालंच नव्हतं. डबा परत बघितला तेव्हा उलगडा झाला: अ‍ॅसिटोन संपला म्हणून रंगाच्या दुकानातून मागवला, तो निघाला साधा थिनर. कागदावर दोन थेंब टाकून बघा, डाग राहिला तर तो सागाला लावू नका.

इपॉक्सीबद्दल माझी तक्रार एकच, त्याला ऊन सोसत नाही. वार्निश झिजलं तिथं बाहेर आलेली रेघ पिवळी पडून खडूसारखी झाली. दरवर्षी वार्निशचा हात हवा, आणि दाजी तो मारणार नाहीत हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. कठडा त्यांनी तसाच सोडलाय, तो रुपेरी झालाय, आणि खरं सांगू, मला आवडला. स्क्रू स्टेनलेसचेच घातले होते. एकच लोखंडी राहून गेला, त्याच्याभोवती काळं वर्तुळ आहे.

पायरी सध्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेली आहे. तिच्यासाठी तुळईचा दोन फुटी तुकडा बाजूला ठेवलाय. एका टोकाला झोपाळ्याची जुनी कडी अजून तशीच आहे, ती कापायची राहिलीय.