रेस्पिरेटरी व्हायरस पॅनल, घरी येऊन स्वॅब : एक लहान बाळ आणि एक किडनी ट्रान्सप्लांटवाला असलेल्या घरातून रिव्ह्यू

ही टेस्ट (नाकातल्या एकाच स्वॅबमधून सर्दी-खोकल्याचे बरेच व्हायरस एकदम शोधणारी) करायच्या आधी मी दोन दिवस मराठीत कुठे काही वाचायला मिळतंय का शोधत होते, काही म्हणजे काही मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. लॅबचं नाव लिहीत नाही कारण पुण्यात ही टेस्ट करणाऱ्या बऱ्याच लॅब आहेत आणि मला जे सांगायचंय ते टेस्टबद्दल आणि घरी येऊन सॅम्पल नेण्याच्या सर्व्हिसबद्दल आहे.

आधी घरची परिस्थिती सांगते म्हणजे कळेल की हा खटाटोप कशासाठी. नवऱ्याचं २०२१ ला किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी सासूबाईंनी दिली. रोज सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, आणि प्रेडनिसोलोनची छोटी गोळी. या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर ती किडनी परकी म्हणून हाकलायला बघेल. आणि मुलगी सोळा महिन्यांची, जुलैपासून पाळणाघरात जायला लागली. ज्यांची मुलं पाळणाघरात जातात त्यांना पुढचं सांगायला नको, महिन्यातले वीस दिवस नाक वाहतंच.

ऑगस्टमधे एका सोमवारी तिला सर्दी झाली. बुधवारी रात्री झोपेत श्वासाचा घर्रघर्र आवाज यायला लागला आणि पोट खालीवर जोरात हलत होतं. बालरोगतज्ज्ञांनी मागेच शिकवलं होतं की श्वास मोजायचे तर बाळ शांत असताना आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मोजले, ५४ भरले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास वेगात आहे. सकाळी उघडताच क्लिनिक गाठलं. डॉक्टरांनी छाती तपासली, बाळाच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला (मोठ्यांचा क्लिपवाला तिला बसत नाही, आकडा भलताच दाखवतो), ९५ आलं. म्हणाले ब्रॉन्किओलायटिस आहे, फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजून चिकट्याने भरतात, या वयात बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो.

मी लगेच विचारलं की ती पॅनल टेस्ट करूया का. डॉक्टर म्हणाले तिच्यासाठी काही गरज नाही, कुठलाही व्हायरस निघाला तरी हिची ट्रीटमेंट तीच, नाकात सलाइनचे थेंब, थोडं थोडं पाजत राहायचं, अँटिबायोटिक नाही. छाती आत ओढली जायला लागली, पिणं निम्म्यावर आलं, लंगोट सहा-सात तास कोरडा राहिला किंवा ओठ निळसर दिसले तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल. मग चश्म्यावरून बघत म्हणाले, "टेस्टचा खरा उपयोग तुमच्या मिस्टरांना होईल, त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, आजच बोला." एवढं सरळ सांगणारा डॉक्टर मिळणं हे आमचं नशीब, नाहीतर टेस्ट लिहून द्यायला कितीसा वेळ लागतो.

शुक्रवारी दुपारी नवऱ्याला शिंका सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत घसा बसला. ताप नाही, थर्मामीटरवर ९९. मला वाटलं ताप नाही म्हणजे साधी सर्दी असणार. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या ताप नाही यावर अजिबात जाऊ नका, या गोळ्यांवर असलेल्या पेशंटचा ताप दबलेला राहतो, घरात बाळ आजारी आहे ना मग उद्या सकाळीच स्वॅब पाठवा. हे ज्यांच्या घरी ट्रान्सप्लांटचं माणूस आहे त्यांनी नीट लक्षात ठेवा. आपल्याला जे नुसतं नाक गळण्यावर निभावतं ते यांच्या छातीत उतरू शकतं, आठवड्यात बरं व्हायच्या ऐवजी तीन-चार आठवडे रेंगाळतं, आणि तितके दिवस यांच्या नाकातून व्हायरस बाहेर पडत राहतो. ॲडिनोव्हायरस असेल तर तो लघवीच्या पिशवीपर्यंत आणि बसवलेल्या किडनीपर्यंतसुद्धा जातो.

आता सर्व्हिसबद्दल. बुकिंग फोनवर पाच मिनिटात झालं. एका टेस्टचे साडेसात हजार, दुसऱ्या एका लॅबने जवळपास त्याच यादीचे बारा हजार सांगितले होते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या आणि यादीत काय काय आहे तेही विचारा. आमच्या पॅनलमधे इन्फ्लुएन्झा ए आणि बी, आरएसव्ही, ॲडिनो, रायनो, पॅराइन्फ्लुएन्झा, कोविड, एचएमपीव्ही सगळे होते. (जानेवारी २०२५ ला टीव्हीवर एचएमपीव्हीचं नवीन संकट म्हणून दोन आठवडे जे चाललं होतं, तो व्हायरस २००१ मधेच नेदरलँड्समधे सापडला होता आणि लहान मुलांत दरवर्षी फिरतच असतो. त्या बातम्यांनी सासूबाई चार रात्री झोपल्या नव्हत्या म्हणून मला राग आहे.)

नेफ्रॉलॉजिस्ट म्हणाले बाळाचाही स्वॅब घ्या म्हणजे संसर्ग एकाच वाटेने आलाय का कळेल, म्हणून आम्ही दोन टेस्ट केल्या. पंधरा हजार गेले. नंतर विचार केला तर बाळाच्या टेस्टने ट्रीटमेंटमधे काहीच बदललं नाही, परत वेळ आली तर आधी फक्त याचीच करूया का असं मी डॉक्टरांना विचारेन.

शनिवारी सकाळी नऊला लॅबचा स्वॅब घेणारा मुलगा आला, बाहेर धो धो पाऊस, रेनकोट दारातच काढून ठेवला, मास्क लावलेला होता, हात साबणाने धुतले, दोघांसाठी वेगळे हातमोजे वापरले. खांद्याला बर्फाच्या पाकिटांचा डबा, त्यात गुलाबी पाण्याच्या दोन छोट्या ट्यूब. काम खरंच छान केलं. बाळाला माझ्या मांडीवर बसवायला सांगितलं, पाठ माझ्या छातीला, माझा एक हात तिच्या कपाळावर आणि दुसरा तिच्या दोन्ही हातांवरून. बारीक लवचिक काडी वर कपाळाकडे न घालता सरळ मागे कानाच्या दिशेने नेली, दोन-तीनदा फिरवली आणि बाहेर. तिने आकांत केला पण सगळं मिळून दहा सेकंद. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की नाकाच्या तोंडाशीच काडी फिरवली तर ती रडणार नाही पण सॅम्पल नीट येणार नाही. असा माणूस सगळ्यांना मिळो.

पण एक गडबड झालीच असती. ट्यूबवरचे स्टिकर ऑफिसमधूनच छापून आले होते. मी सहज वाचले तर नवऱ्याच्या नावापुढे वय १ वर्ष आणि बाळाच्या नावापुढे ३८. आडनाव एक, पत्ता एक, बुकिंग करणाऱ्याने अदलाबदल केली. त्या मुलाने तिथल्या तिथे फोन करून दुरुस्त करून घेतलं, पण माझं लक्ष गेलं नसतं तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर आला असता आणि त्यावर ट्रान्सप्लांट पेशंटच्या गोळ्या ठरल्या असत्या. नुसत्या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

रिपोर्टचं मात्र वाईट. बुकिंगच्या वेळी २४ तास सांगितले, शनिवारी सकाळी नेलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट सोमवारी सकाळी अकराला आला. पन्नास तास. रविवारी मशीन चालवत नाहीत हे शनिवारी सॅम्पल नेताना कोणी सांगितलं नाही, मी रविवारी चार फोन केले तेव्हा कळलं. साध्या माणसाला दोन दिवस इकडे तिकडे चालतात पण फ्लू असेल तर ओसेल्टामिविर म्हणजे आपली टॅमीफ्लू लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. पुण्यात २००९ चा स्वाइन फ्लू बघितलेल्यांना ही गोळी आठवत असेल, देशातला पहिला मृत्यू आपल्याकडेच झाला होता. नेफ्रॉलॉजिस्टनी रिपोर्टची वाट न बघता शनिवारीच ती सुरू केली, डोस याच्या क्रिएटिनिनच्या (रक्तातला आकडा, वाढला म्हणजे किडनीचं काम मंदावलं) हिशोबाने बेतून दिला, आणि सोमवारी फ्लू निगेटिव्ह आल्यावर बंद केली. डॉक्टर जागरूक होते म्हणून लॅबचा उशीर झाकला गेला.

रिपोर्ट असा, बाळाला आरएसव्ही, नवऱ्याला आरएसव्ही आणि रायनोव्हायरस दोन्ही. दोन दोन व्हायरस बघून माझ्या हातापायातलं बळ गेलं. कस्टमर केअरला विचारलं तर पलीकडून वाचून दाखवल्यासारखं "मॅडम तुमच्या डॉक्टरांना दाखवा" एवढंच. तीन पानी इंग्लिश रिपोर्टमधे समजेल असं एक वाक्य नाही. मग डॉक्टरांनी समजावलं की ही टेस्ट व्हायरसचे जनुकीय तुकडे शोधते, ते जिवंत आहेत का मेलेले हे तिला कळत नाही, आणि रायनोचे तुकडे जुनी सर्दी गेल्यावरही काही आठवडे सापडतात, तेव्हा आत्ता त्रास देतोय तो बहुधा आरएसव्ही. हे दोन ओळीत रिपोर्टखाली मराठीत छापायला काय हरकत आहे?

मग एवढे पैसे देऊन बदललं काय, हा प्रश्न मला माझ्या भावानेही विचारला. आरएसव्हीवर किडनीवाल्यांना द्यायची खास अशी गोळी नाही (फुफ्फुस किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटवाल्यांना काही ठिकाणी रिबाविरिन देतात). पण आमच्याकडे बरंच बदललं. टॅमीफ्लू थांबली. डॉक्टरांनी मायकोफेनोलेटचा डोस काही दिवस कमी केला, आणि हे त्यांनी केलं हं, कोणी वाचून स्वतःच्या मनाने गोळ्यांना हात लावू नका, किडनी जाईल. छातीचा एक्स-रे काढला, साफ होता. टॅक्रोलिमस लेव्हल आणि क्रिएटिनिन दोन दिवसाआड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विनाकारण अँटिबायोटिक पोटात गेलं नाही. मधल्या रविवारी घाबरून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे खोकल्याचं काहीतरी मागितलं तर त्याने चिठ्ठीशिवाय क्लॅरिथ्रोमायसिनची पट्टी आणि आयबुप्रोफेनची गोळी पुढे केली. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भसकन वाढते आणि आयबुप्रोफेन तर किडनीवाल्याने घ्यायचंच नसतं. मला माहीत होतं म्हणून परत ठेवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांनी हे दोन शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

सफाईसुद्धा रिपोर्टवरून ठरली. आरएसव्ही खेळण्यांवर, टेबलावर काही तास टिकतो पण साबणाने आणि सॅनिटायझरने मरतो. रायनोवर सॅनिटायझर तितका भरवशाचा नाही, साबण-पाण्यानेच हात चोळून धुवायचे. म्हणून बेसिनजवळ आणि दाराजवळ साबण ठेवले, खेळणी टबमधे टाकून रोज धुतली, नवरा हॉलमधे खिडकी उघडी ठेवून एन९५ लावून झोपला, बाळ सासूबाईंच्या कुशीत.

सासूबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी ओव्याची धुरी करायला निखारे काढलेच होते, मी डॉक्टरांचं सांगितलं की धुराने सुजलेल्या नळ्या अजून चिडतात, तशी काही न बोलता निखाऱ्यांवर पाणी ओतलं. गुळवेलचा काढा मुलासाठी करायचा नाही हे तर त्यांना २०२१ पासून पाठ आहे, जी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलीय ती काढ्याने उठवायची नाही. रात्री दोनला बघते तर बाळ एका मांडीवर, समोर घड्याळ, आणि ओठ हलतायत, श्वास मोजत होत्या. मला म्हणाल्या, "अगं तू झोप, चौवेचाळीस झालेत, मगाशी पन्नास होते." दारातून अधूनमधून हॉलकडे बघत होत्या. एका मांडीवर नात आणि पलीकडे मुलगा, त्याच्या पोटात त्यांचीच किडनी, आणि दोघांच्या मधे दार बंद ठेवायचं.

बाळ आठव्या दिवशी पूर्ववत झालं. याचा खोकला साडेतीन आठवडे चालला, क्रिएटिनिन १.३ चं १.५ झालं होतं ते परत १.३ वर आलं. मधे लॅबमधून दोनदा फोन आला की सर, रिपीट टेस्ट करून घ्या, निगेटिव्ह झालं का कळेल, दहा टक्के डिस्काउंट देतो. डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हटलं, ट्रान्सप्लांटवाल्याची टेस्ट बरं वाटल्यावरही कितीतरी दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यावरून काही ठरवायचं नसतं. घाबरलेल्या घराला असा फोन करणं मला अजिबात पटलेलं नाही, याचा एक पूर्ण स्टार कापतेय.

टेस्टला पाचपैकी चार, घरी येणाऱ्या मुलाला पाच, रिपोर्ट आणि ऑफिसला दोन. धडधाकट बाळाला नुसती सर्दी असेल तर या टेस्टवर पैसे घालू नका, तेच पैसे घरातल्या सगळ्यांच्या दरवर्षीच्या फ्लूच्या इंजेक्शनवर घाला (बाळाला सहा महिन्यांनंतर देता येतं, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नाकात फवारायची जिवंत लस ट्रान्सप्लांटवाल्याला चालत नाही). घरात ट्रान्सप्लांट पेशंट असेल आणि त्याला लक्षणं असतील तर पहिल्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना विचारून करा. बुकिंग करताना मशीन कुठल्या दिवशी चालतं ते विचारा, शक्यतो सोमवार ते गुरुवार सकाळी सॅम्पल जाऊ द्या, आणि ट्यूब डब्यात जायच्या आधी स्टिकरवरचं नाव आणि वय दोन्ही मोठ्याने वाचून घ्या.