एचआयव्ही लसीसाठी एन्व्ह ट्रायमर : सोसिप की एनएफएल?

एचआयव्हीच्या पृष्ठभागावरील एन्व्ह प्रथिन (तीन सारख्या एककांचा रेणू, म्हणजे ट्रायमर) विषाणूपासून सुटे केले की विस्कटते, आणि त्याला पेशीत शिरण्यापूर्वीच्या मूळ आकारात धरून ठेवण्यासाठी कोणता आराखडा निवडावा, हा प्रश्न या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो. एन्व्हला स्थिर ठेवणारे सोसिप आणि एनएफएल (नेटिव्ह फ्लेक्सिब्ली लिंक्ड) हे दोन्ही आराखडे मी वापरले आहेत. पुढचे मत एका प्रयोगशाळेतील अनुभवावर बेतलेले आहे, त्यामुळे ते तेवढ्याच मर्यादेत घ्यावे.

सोसिपच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. एन्व्हच्या जीपी१२० आणि जीपी४१ या दोन भागांना ५०१ आणि ६०५ या स्थानांवरील सिस्टीन या अमिनो आम्लांमधल्या बंधाने जखडायचे आणि ५५९ व्या स्थानी प्रोलीन हे अमिनो आम्ल बसवून जीपी४१ ला आकार पालटू द्यायचा नाही, ही त्यातली मूळ कल्पना आहे. नैरोबीतील एका बाधित अर्भकाकडून मिळालेल्या बीजी५०५ या विषाणूवर ती उत्तम चालली आणि २०१३ साली त्या ट्रायमरची रचना प्रसिद्ध झाली. शिवाय नैसर्गिक एन्व्ह जसे जीपी१२० आणि जीपी४१ यांच्यामध्ये कापलेले असते तसेच सोसिपही कापलेले असते, आणि तुलनेसाठी प्राण्यांवरील व माणसांवरील प्रयोगांची माहितीही त्याच्याविषयी अधिक उपलब्ध आहे.

माझी अडचण नेमकी या कापण्यातच होती. कापण्याच्या जागी सहा आर्जिनिन घालून ती जागा फ्युरिनला (कापणाऱ्या विकराला) अधिक सोपी केलेली असली, तरी पेशींमधले स्वतःचे फ्युरिन पुरत नाही, म्हणून एन्व्हच्या प्लाझ्मिडबरोबर (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाबरोबर) फ्युरिनचे प्लाझ्मिडही द्यावे लागते. बीजी५०५ च्या बाबतीत हे बिनबोभाट होत असे. पण एचआयव्हीच्या ‘सी’ उपप्रकारातील एका विषाणूचा एन्व्ह क्रम घेतला तेव्हा एका खेपेत जवळजवळ सगळे प्रथिन कापले गेले, तर पुढच्याच खेपेत रिड्यूसिंग जेलवर (बंध तोडून प्रथिनाचे तुकडे आकारानुसार वेगळे दाखवणाऱ्या चाचणीत) न कापलेल्या प्रथिनाचा, म्हणजे जीपी१४० चा, पट्टा ठळकपणे शिल्लक राहिला. फ्युरिन वाढवले की एन्व्हचे उत्पादन घटत असे आणि कमी केले की न कापलेले रेणू वाढत असत. न कापलेल्या सोसिपला एफ१०५ सारखी, विषाणूला न रोखणारी प्रतिपिंडेही चिकटतात, त्यामुळे असा नमुना लसीसाठी वापरणे योग्य नव्हे. नीट मिटलेल्या ट्रायमरला चिकटणाऱ्या पीजीटी१४५ या प्रतिपिंडाच्या स्तंभातून चांगले ट्रायमर वेगळे काढता येतात हे खरे. परंतु पेशी वाढवण्यापासून शुद्धीकरणापर्यंतचे सारे श्रम झाल्यावर हाती फारच थोडे लागले, हे त्या टप्प्यावर कळणे मला फार जड गेले.

एनएफएलमध्ये ही पायरीच उरत नाही. कापण्याची जागा काढून तेथे ग्लायसीन आणि सेरीन यांचा दहा अमिनो आम्लांचा लवचीक दुवा घातलेला असतो. प्रोलीन तेच राहते आणि फ्युरिन लागत नाही. दुवा पुरेसा लांब व सैल असल्याने न कापताही दोन्ही भाग आपापल्या जागी बसतात. माझ्या खेपा त्यानंतर एकमेकींशी बऱ्याच जुळू लागल्या. तरीही हा मार्ग निर्दोष नाही. काही ट्रायमर नीट मिटलेले नसतात. ते बाजूला काढण्यासाठी एफ१०५ चा स्तंभ वापरून, त्याला न चिकटलेला भाग घ्यावा लागतो. काही क्रमांना जास्तीचे बदलही हवे असतात. १६०५५ या भारतीय ‘सी’ क्रमात बीजी५०५ मधील काही अमिनो आम्ले आणून बसवावी लागली, आणि २०१ व ४३३ या स्थानांमधला बंध घालून ट्रायमर मिटलेल्या स्थितीत रोखावा लागला.

तळाच्या प्रश्नात मात्र दोघांत फरक नाही. विषाणूच्या पटलात रुतलेला भाग छाटल्यावर ट्रायमरचा तळ उघडा पडतो आणि बरीच प्रतिपिंडे तिकडेच वळतात. त्यासाठी आराखडा बदलून उपयोग नाही. तळ ग्लायकनांनी (साखरेच्या साखळ्यांनी) झाकणे किंवा ट्रायमर सूक्ष्म कणांच्या पृष्ठभागावर तळ आत ठेवून बसवणे, असे वेगळे उपाय करावे लागतात.

तुमचे काम बीजी५०५ वरच असेल किंवा आधीच्या निष्कर्षांशी थेट तुलना करायची असेल, तर सोसिप सोडण्याचे कारण मला दिसत नाही. पण भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकाराचे नवे क्रम तपासायचे असतील, तर मी एनएफएलपासून सुरुवात करीन. लस आरएनएच्या रूपात देण्याचा विचार असेल, तर माझा कौल आणखी स्पष्ट आहे. कारण तेथे प्रथिन माणसाच्या स्नायूतील पेशींत तयार होते, आणि ते किती कापले गेले हे पाहून चांगले तेवढेच निवडायला तेथे कोणताही स्तंभ नसतो.