चिनी अधिक महिना, सुट्ट्या आणि हाँगकाँग वेधशाळेचे तारीख-कोष्टक

चीन किंवा हाँगकाँगमधील कार्यालयांशी ज्यांचा नेहमीचा व्यवहार असतो, त्यांना तिथल्या सुट्ट्यांचा अंदाज गेल्या वर्षीच्या तारखांवरून बांधता येत नाही, आणि चिनी पंचांगात अधिक महिना आला की हा अंदाज जवळजवळ तीन आठवड्यांनी चुकतो. आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येणारा मध्यशरद सण 2024 मध्ये 17 सप्टेंबरला होता, 2025 मध्ये तो 6 ऑक्टोबरला गेला आणि 2026 साठी त्याची तारीख 25 सप्टेंबर आहे. या तारखा पडताळण्यासाठी हाँगकाँग वेधशाळेने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले इंग्रजी आणि चांद्र तारखांचे कोष्टक मला सर्वांत भरवशाचे वाटते. मात्र केवळ त्याच्या आधारे सुट्ट्यांचे नियोजन करता येत नाही.

कोष्टकात 1901 पासून 2100 पर्यंतचे प्रत्येक वर्ष स्वतंत्रपणे दिले आहे. मांडणी अगदी रुक्ष आहे: इंग्रजी तारीख, तिच्यासमोर चांद्र तारीख, वार, आणि सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या चोवीस टप्प्यांपैकी एखादा टप्पा त्या दिवशी येत असेल तर त्याचे नाव. माझ्या दृष्टीने खरे मोल या शेवटच्या रकान्याचे आहे, कारण अधिक महिना कुठे आणि का पडला याचे उत्तर तिथेच मिळते. चोवीसपैकी बारा टप्पे मुख्य मानले जातात आणि दोन हिवाळी अयनदिनांच्या (वर्षातील सर्वांत लहान दिवसांच्या) दरम्यान एक महिना जास्तीचा येत असेल, तर ज्या महिन्यात मुख्य टप्पा येत नाही असा पहिला महिना अधिक ठरतो. 2025 चे पान उघडले तर 22 जुलैला ‘ताशू’ आणि 23 ऑगस्टला ‘छूशू’ हे मुख्य टप्पे दिसतात, तर 25 जुलैला सुरू होऊन 22 ऑगस्टला संपणारा महिना त्या दोहोंच्या मधोमध मोकळा राहतो. तोच अधिक सहावा महिना. संक्रांत नसलेला महिना अधिक, हे सूत्र ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याहून वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

सुट्ट्यांच्या बाबतीत दोन गोष्टी वापरणाऱ्याने स्वतःच लक्षात ठेवायच्या आहेत. चांद्र तारखेवर बेतलेला सण मूळ महिन्यातच धरला जातो, अधिक महिन्यात त्याची पुनरावृत्ती होत नाही. 2020 मध्ये चौथा महिना अधिक होता, तेव्हा हाँगकाँगमधील बुद्धजयंतीची सुट्टी 30 एप्रिलला झाली आणि 30 मे रोजी आलेल्या दुसऱ्या ‘चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी’ सुट्टी नव्हती. 2028 मध्ये पाचवा महिना अधिक आहे, त्यामुळे पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस 28 मे आणि 27 जून असा दोनदा दिसेल. ड्रॅगन बोट सण त्यांपैकी पहिल्या दिवशी आहे. पूर्वजांच्या कबरींना भेट देण्याच्या छिंगमिंग सणाचे मात्र उलट आहे. तो सण सूर्याच्या टप्प्यावर ठरत असल्यामुळे 2023 मध्ये तो अधिक दुसऱ्या महिन्यात, 5 एप्रिलला, आला आणि तरीही सुट्टी झालीच.

जिथे कोष्टक थांबते, तिथे चीनच्या मुख्य भूमीपुरता खरा गोंधळ सुरू होतो. प्रत्यक्ष सुट्टीचा कालावधी तिथले राज्य परिषदेचे (म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाचे) कार्यालय दरवर्षी अधिसूचनेद्वारे जाहीर करते. अधिक महिन्यामुळे मध्यशरद सण ऑक्टोबरच्या आरंभी ढकलला गेला, की तो 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत विलीन होतो. 2020 मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी होते. 2025 मध्ये 1 ते 8 ऑक्टोबर अशी सलग आठ दिवस सुट्टी मिळाली, पण त्याबदल्यात रविवार 28 सप्टेंबर आणि शनिवार 11 ऑक्टोबर हे कामाचे दिवस ठरले. ही अदलाबदल कोणत्याही खगोलीय गणितातून निघत नाही, त्यामुळे ती कोष्टकात नाही यात कोष्टकाची उणीव नाही, पण माल पाठवण्याची तारीख ठरवणाऱ्याला ती चांद्र तारखेइतकीच महत्त्वाची असते.

दूरच्या वर्षांसाठी मी तरीही याच कोष्टकाकडे वळेन. 2033 साठी पूर्वी छापलेल्या काही दिनदर्शिकांनी सातव्या महिन्यानंतर अधिक महिना दाखवला होता. नियमानुसार तो अकराव्या महिन्यानंतर येतो आणि कोष्टकातही तसाच आहे. जुन्या दिनदर्शिकेवर विसंबणाऱ्याचा त्या वर्षीचा मध्यशरद सण 8 सप्टेंबरऐवजी सुमारे महिनाभर उशिरा येईल. हाँगकाँगपुरता विचार करणाऱ्यांनी कोष्टकाबरोबर तिथल्या सरकारची सार्वजनिक सुट्ट्यांची यादीही उघडून ठेवावी, कारण तिथे मध्यशरद सणाची सुट्टी सणाच्या दुसऱ्या दिवशी असते आणि कोष्टकातील तारीख जशीच्या तशी उचलली तर एका दिवसाचा फरक पडतो.