मूठ-धान्याचा डबा: पाच किलोचा टीन सगळ्यांत बरा

स्वयंपाकाला तांदूळ काढला की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. मिझोराममधल्या ख्रिस्ती बाया 1910 पासून हे करत आल्या आहेत. आपल्या झाडीपट्टीतही, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातही, हे सहज जमण्यासारखं आहे, कारण घरच्या बाईकडे रोकड असो-नसो, तांदळाचं माप तिच्याच हातात असतं. डबा मात्र विचार करून घ्यावा. बाजारात तीन प्रकार मिळतात. लेकरांना द्यायची सवय कोणत्या डब्याने लागते, एवढंच बघून ते इथे पारखले आहेत.

प्लास्टिकची बरणी स्वस्त असते आणि किती भरली ते बाहेरून दिसतं. पण फिरवून लावायचं आटे असलेलं झाकण पाच-सहा वर्षांच्या पोरीला उघडत नाही, मग मूठ आईच टाकते आणि शिकवण तिथेच थांबते. शिवाय उंदीर बरणी कुरतडतात. स्टीलचा डबा वर्षानुवर्षं टिकतो, पण महाग पडतो आणि लवकरच घरच्या साखर-डाळीला लागतो. आठवडी बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून बनवून घेतलेला, दाबून बसणाऱ्या झाकणाचा टीन या कामाला उत्तम. घेताना आत बोट फिरवून सांधा बघा. काठ दुमडलेला नसेल तर लहान हात कापतो.

आकार पाच किलोचाच घ्या. बाईच्या मुठीत साधारण 40 ते 50 ग्रॅम तांदूळ मावतो. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या तर महिन्याला अडीच-तीन किलो होतात, म्हणजे डबा निम्म्याच्या वर भरतो. दहा किलोचा डबा महिनाअखेरही रिकामाच वाटतो आणि लेकरं हिरमुसतात. दोन किलोचा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरतो आणि पुढचे दिवस मूठ राहूनच जाते.

काही कारागीर झाकणाला फट पाडून कुलपाची कडी लावून देतात. ते नको. फटीतून धान्य टाकता येत नाही, मुंग्या आणि दमट हवा मात्र आत शिरते. पैशाचं अर्पण वेगळ्या डबीत ठेवा. धान्यात नाणी पडली की निवडताना त्रास होतो.

पावसाळ्यात सोंडे होतात. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून कापडाच्या पुरचुंडीत ठेवावा. ओला पाला टाकला तर बुरशी धरते. बोरिक पावडर घालू नका. हा तांदूळ ज्या गरजू घरी जातो तिथे ते माहीत नसतं आणि तांदूळ किती पाण्यांनी धुतला जाईल हे आपल्या हातात नसतं. धान्यातली कीड मारायची सेल्फॉसची गोळी तर घरात आणूच नये, तिचा वायू जीव घेतो.

वऱ्हाडात भाकरीच्या घरी पीठ बाजूला काढण्याची चूक होते. ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं. म्हणून मूठ चक्कीवर जायच्या आधी, दाण्यांतूनच काढावी.

गरजूंना वाटण्यासाठी मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, घरांचे डबे गोळा करताना मोठा घोळ होतो तो मिसळीचा. एचएमटीचा बारीक, जाडा आणि उकडा तांदूळ एका पोत्यात ओतले की अर्धे शिजतात, अर्धे कच्चे राहतात. तीन पिशव्या वेगळ्या ठेवा. रेशनचा तांदूळ चौथ्या पिशवीत: तो विकणं गुन्हा आहे, तो रांधून जेऊ घालण्यासाठीच द्यावा. त्यात फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटक घालून बनवलेले, दाणे असले तर ते वेगळे दिसतात. लेकरं त्यांना प्लास्टिक समजून फेकतात, तेव्हा त्यात लोह असतं हे त्यांना सांगा.

डब्यावर घराचं नाव लिहू नका, बुडाला रंगाने फक्त नंबर टाका. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर दोघींनी काट्यावर वजन करावं, वहीत एकूण आकडा लिहून दोघींनी सही करावी. मंडळीत तेवढाच एकूण आकडा वाचावा. घराघराचं वजन वाचून दाखवलं की मजुरीवर जाणाऱ्या घरातला डबा पुढच्या महिन्यात येत नाही, आणि उजवा हात देतो ते डाव्या हाताला कळू नये ही बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली शिकवण पोरींच्या कानावर उलटी पडते.

डब्याचा उपयोग खरा कळतो तो तंगीच्या दिवसांत. त्या दिवशी मूठ चुकवू नये, अर्धी टाकावी आणि ती पोरीच्याच हाताने टाकवून घ्यावी. मार्कच्या बाराव्या अध्यायातल्या गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या त्या उरलेल्यातून नव्हत्या, हे तिला तेव्हाच समजतं. ‘शिजल्यावर उरलं तर देऊ’ हे आईच्या तोंडून एकदा निघालं की लेकरं तेच धरून बसतात.

पोहोचवायला एका वडीलधाऱ्या बाईसोबत दोन पोरींना पाठवा. बाळंतीण असो, अंथरुणाला खिळलेला असो की एकटी म्हातारी असो, जात-धर्म विचारू नये आणि फोटो काढू नये. पिशवी परत मागू नका, म्हणून ती जुन्या लुगड्याची शिवलेली बरी.